अॅम्बॅसिडरचा फॅन बेल्ट: आधी पुली बघा, मग दुकान गाठा

जुनी अॅम्बॅसिडर बाळगायची असेल तर कोलकात्याइतकं सोयीचं शहर दुसरं नाही. हिंदुस्थान मोटर्सचा कारखाना हुगळीच्या पलीकडे, उत्तरपाड्याला. डमडमहून दक्षिणेश्वर गाठून पूल ओलांडला की फार लांब नाही. 1948 पासून तिथे गाड्या बनत होत्या आणि 2014 च्या मे महिन्यात अॅम्बॅसिडरचं उत्पादन थांबलं, तेव्हा या शहराची टॅक्सीच थांबल्यासारखी झाली. तरीही इथल्या जुन्या मिस्त्रींच्या हातात ही गाडी अजून जिवंत आहे आणि मल्लिक बाजारात तिचे सुटे भाग अजून मिळतात.

पण या सोयीचाच एक तोटा आहे. दुकानात जाऊन ‘अॅम्बॅसिडरचा फॅन बेल्ट द्या’ एवढंच म्हटलं की काही न विचारता बेल्ट हातात पडतो. तो पुलीवर चढतो, गाडी सुरू होते आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. दोन-तीन महिन्यांत डायनॅमोचं बेअरिंग घरघरायला लागतं किंवा वॉटर पंपातून पाणी ठिबकतं, तेव्हा दोष पंपावर जातो. माझं सांगणं एवढंच की बेल्ट गाडीच्या नावावर घेऊ नका, तुमच्या गाडीच्या पुलींवरून घ्या. पन्नास वर्षांत त्या गाडीच्या पुढच्या भागात कुणी काय बदललं, हे गाडीच्या कागदांत लिहिलेलं नसतं. पुलीकडे पाहिलं तरच ते कळतं.

हा एकच पट्टा तीन कामं करतो. क्रँक शाफ्टच्या पुलीवरून निघून तो वॉटर पंप फिरवतो, पंपाच्याच तोंडावर बसवलेला पंखा फिरवतो आणि डायनॅमो फिरवून बॅटरी चार्ज करतो. मोकळ्या रस्त्यावर गाडी धावत असते तेव्हा रेडिएटरला समोरून वारा मिळतो, पंख्याची फारशी गरज नसते. संध्याकाळी डमडमच्या नागेरबाजार चौकात पहिल्या गिअरमध्ये रांगताना मात्र वारा नसतो, इंजिन मंद फिरत असतं आणि रेडिएटरमधून हवा ओढायची ती पंख्यानेच. अशा वेळी पट्टा थोडाही घसरला तर तापमानाचा काटा वर चढायला वेळ लागत नाही. अॅम्बॅसिडरच्या जुन्या 1489 सीसी पेट्रोल इंजिनाचं हेड ओतीव लोखंडाचं आहे, ते बरंच सहन करतं. पुण्या-मुंबईत ज्यांच्याकडे प्रीमियर पद्मिनी आहे त्यांचं हेड अॅल्युमिनियमचं. त्यांनी तर या बाबतीत दुप्पट जपायला हवं, कारण एकदा तापून वाकलेलं हेड सरळ करून घेणं हा मोठा खर्च असतो.

आता पट्टा पकड कशी घेतो ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. रबराचा व्ही आकाराचा पट्टा अमेरिकेत जॉन गेट्स यांनी 1917 मध्ये आणला. त्याआधी मोटारींना चामड्याचे वगैरे पट्टे असत आणि ते घसरत. व्ही पट्टा तळाने नव्हे, दोन्ही बाजूंनी पकडतो. ताण आला की तो पाचरीसारखा खाचेत रुतून बसतो. खाचेचा कोन 36 अंश धरला तर तेवढ्याच ताणात सपाट पट्ट्याच्या तिपटीहून जास्त पकड मिळते. म्हणजे पट्टा खाचेच्या तळाला टेकला की ही पाचर संपली. मग तो कितीही आवळा, घसरणारच.

म्हणून दुकानात जायच्या आधी बोनेट उघडा, थंड इंजिनावर जुना पट्टा काढा आणि टॉर्च घेऊन तिन्ही पुलींच्या खाचा बघा. खाचेचा तळ मळकट, काळा, गंजलेला दिसला तर उत्तम. पट्टा तिथे पोचत नाही असा त्याचा अर्थ. तळ आरशासारखा चमकत असेल तर एकतर पट्टा अरुंद होता किंवा खाच झिजून रुंद झाली आहे. मग एक स्टीलची छोटी पट्टी खाचेच्या उतरत्या भिंतीवर टेकवून धरा. भिंत सरळ असेल तर पट्टी पूर्ण टेकते. मध्ये खोलगट झाली असेल तर पट्टीखालून उजेड दिसतो. ही खोली पाऊण मिलिमीटरच्या पुढे गेली की नवा पट्टा घालून उपयोग नाही, पुली बदला. क्रँकची पुली सहसा धडधाकट असते. डायनॅमोची पुली लहान, म्हणून सगळ्यात आधी तीच खराब होते. कोलकात्याच्या दमट हवेत उभ्या राहणाऱ्या गाडीच्या खाचांत गंज चढतो आणि तो पट्ट्याच्या कडा सँडपेपरसारख्या खरवडतो. तारेच्या ब्रशने आणि बारीक पॉलिश पेपरने तो काढा. भिंतींवर रंग किंवा तेल लावू नका. बोनेटखालची शोभा म्हणून खाचेत रंग मारलेला मी पाहिला आहे. तो रंग पहिल्याच दिवशी वितळून पट्ट्याला चिकटतो.

रुंदी ठरते ती याच खाचेवरून. व्हर्नियरने खाचेची वरची रुंदी मोजा. जुन्या गाड्यांत सहसा 10 किंवा 13 मिलिमीटरचे पट्टे लागतात. योग्य पट्टा खाचेत बसल्यावर त्याची पाठ पुलीच्या काठाला जवळपास समपातळीत येते, फार तर किंचित वर राहते. काठाच्या आत बुडाला तर तो पट्टा परत करा.

लांबीच्या बाबतीत बहुतेकांची फसगत होते आणि ती आकड्यांमुळे होते. पट्ट्यावर छापलेला आकडा नेहमी एकाच गोष्टीचा नसतो. ‘ए-38’ असं लिहिलेलं असेल तर तो ए सेक्शनचा, आतून 38 इंच म्हणजे 965 मिलिमीटर घेराचा पट्टा. ही मूळची कारखान्यांतल्या, पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यांची पद्धत. मोटारीच्या पट्ट्यांवर ‘एव्हीएक्स 13 × 1000’ असं काही लिहिलेलं असतं. तिथे 13 ही वरची रुंदी आणि 1000 हा बाहेरून मोजलेला घेर, मिलिमीटरमध्ये. ए सेक्शनचा पट्टा 8 मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे त्याचा बाहेरचा घेर आतल्यापेक्षा सुमारे 50 मिलिमीटरने जास्त भरतो. ए-38 चा बाहेरचा घेर 1015 च्या आसपास येतो. कुणी 38 इंचाचे 965 मिलिमीटर केले आणि मोटारीचा 965 चा पट्टा दिला तर तो जवळपास दोन इंच आखूड पडेल. पुलीवर चढवताना दम निघेल, आणि जोर लावून चढवलाच तर डायनॅमो त्याच्या समायोजनाच्या लांबट खाचेच्या आतल्या टोकाला अडकून बसेल.

जुना पट्टा मोजून नवा घेणं हाही कच्चा मार्ग आहे, कारण जुना ताणलेला असतो आणि मुळातच चुकीचा असू शकतो. सगळ्यात खात्रीचं साधन म्हणजे शिंप्याची कापडी टेप. ती खाचेपेक्षा रुंद असते, त्यामुळे आत न जाता पुलीच्या काठांवर बसते, आणि पट्ट्याची पाठही तिथेच यायची असते. डायनॅमोचे बोल्ट ढिले करून तो इंजिनाच्या बाजूला ढकला, पण अगदी टोकाला नको. समायोजनाच्या लांबट खाचेचा पाव-एक भाग आत मोकळा राहील असा ठेवा. आता टेप पंख्याच्या पात्यांमागून घालून तिन्ही पुलींभोवती फिरवा आणि ताणून आकडा वाचा. हा तुमचा बाहेरचा घेर. दुकानात सांगताना ‘बाहेरून एवढे’ असं स्पष्ट सांगा. याच मापाचा मोटारीचा पट्टा आला की तो सहज चढतो आणि पुढे ताण द्यायला खाचेचा बराचसा भाग शिल्लक राहतो.

मल्लिक बाजारात जाताना जुना पट्टा बरोबर न्याच, शिवाय इंजिन कुठलं ते सांगा. अॅम्बॅसिडर म्हणजे एकच इंजिन नव्हे. पेट्रोल 1489 सीसी वेगळं, त्याच मापाचं डिझेल वेगळं आणि 1990 च्या दशकात आलेलं इसुझूचं अठराशे पूर्णपणे वेगळं. मार्क टू मॉडेलच्या बोनेटखाली पुढे कधीतरी डिझेल इंजिन बसवलेल्या गाड्या टॅक्सीच्या काळात किती तरी झाल्या. अशा गाडीला वर्षावरून मागवलेला पट्टा बसेलच याची खात्री नाही.

दुकानदार प्रेमाने ‘ओरिजिनल जुना माल’ म्हणून कागदी पाकिटातला पट्टा काढील. तो घेऊ नका. रबर न वापरताही म्हातारं होतं. उष्णता त्याला कडक करते आणि हवेतला ओझोन त्यात चिरा पाडतो. पट्टा हातात घेऊन उलटा वाकवा. तळाशी बारीक चिरा उघडल्या किंवा तो कुरकुरला तर पाकीट कितीही देखणं असो, तो पट्टा भिंतीवर टांगायच्या लायकीचा. पट्ट्यावर उत्पादनाची तारीख किंवा सांकेतिक आकडा असतो, तो विचारून घ्या.

दोन प्रकारचे पट्टे समोर येतील. एक सगळीकडून कापड गुंडाळलेला, दुसरा बाजूंनी उघड्या रबराचा आणि तळाशी दाते असलेला. मूळ गाडीला पहिला असायचा. प्रदर्शनात गुण मिळवायचे असतील तर तोच घाला. रोज नाही पण नियमित चालवायची गाडी असेल तर माझं मत दात्यांच्या पट्ट्याला. डायनॅमोच्या लहान पुलीभोवती तो सहज वळतो, कमी तापतो आणि जास्त टिकतो. मटेरियलबद्दलही विचारा. हल्ली चांगले पट्टे ईपीडीएम रबराचे येतात. ते वयाने लवकर तडकत नाहीत, पण इंजिन ऑइल लागलं की फुगतात. निओप्रीनचा पट्टा तेल त्यापेक्षा बरं सोसतो. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन (बीएमसी) घराण्याच्या या इंजिनाच्या टायमिंग कव्हरमधून तेल झिरपणं नवं नाही, आणि ते थेट क्रँकच्या पुलीवर येतं. तेव्हा आधी ते सील बदला. ते लगेच जमत नसेल तर निओप्रीन घ्या. भारतीय बनावटीत मदुराईच्या फेनरचे पट्टे इथे सहज मिळतात. नागपूरजवळ हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या पिक्सचे पट्टेही कोलकात्याच्या बाजारात दिसतात तेव्हा मराठी माणसाला आनंद होतो, पण खरेदी करताना नाव नव्हे, माप आणि तारीख बघा.

आता बसवण्याकडे येऊ. बॅटरीची एक वायर काढा, किल्ली खिशात ठेवा, खांद्यावर गमछा असेल तर तोही काढून ठेवा. हे शेवटचं मी गमतीने सांगत नाही. डमडमच्या गॅरेजात चालू इंजिनावर वाकलेल्या माणसाच्या गळ्यात लोंबणारा गमछा पाहिला की माझ्या पोटात गोळा येतो. पाने इंची घ्या. या इंजिनावरचे डायनॅमोचे बोल्ट बहुतेक अर्धा इंची पान्याचे असतात. 13 मिलिमीटरचा पाना त्यावर बसल्यासारखा वाटतो, पण तो किंचित सैल असतो आणि बोल्टचे कोपरे खातो. डायनॅमोचे वरचे दोन बोल्ट आणि समायोजनाच्या पट्टीचे बोल्ट, असे सगळे सैल करा. एखादा आवळलेलाच राहिला तर डायनॅमो तिरका सरकतो.

पट्टा आधी क्रँकच्या पुलीवर, मग पंख्याच्या एकेका पात्यावरून घेत वॉटर पंपावर आणि सगळ्यात शेवटी डायनॅमोवर चढवा. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटून चढवायचा मोह टाळा. पट्ट्याचा सगळा जोर त्याच्या आतल्या दोऱ्यांत असतो. उचकटताना एका कडेचे दोरे तुटतात, वरून काहीच दिसत नाही आणि मग तो पट्टा चालू गाडीत एका बाजूला उलटतो. चढवण्याआधी एक सरळ पट्टी लावून तिन्ही खाचा एका रेषेत आहेत का तेही बघा. काठ नव्हे, खाचा, कारण पुलींची जाडी सारखी नसते. फूटभर अंतरात दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर डायनॅमोच्या ब्रॅकेटमागे वॉशर घालून तो सारखा करा.

ताण देताना घाई करू नका, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. डायनॅमो हाताने बाहेर ओढा. हात पुरत नसेल तर लाकडी दांडा वापरा आणि तो पुलीच्या बाजूच्या ओतीव टोपणालाच लावा, मधल्या पत्र्याच्या नळीला नव्हे. अल्टरनेटर असेल तर हा नियम आणखी कडक पाळा, मागच्या बाजूने जोर दिला तर त्याचं आवरण तडकतं. समायोजनाचा बोल्ट आवळा, मग बाकीचे. आता दोन पुलींमधल्या सगळ्यात लांब पट्ट्याच्या मध्यावर अंगठ्याने बऱ्यापैकी जोर देऊन दाबा. तो अर्धा इंच, म्हणजे सुमारे 13 मिलिमीटर दबला पाहिजे. कमी दबला तर फार आवळलाय, जास्त दबला तर सैल आहे.

मिस्त्री लोकांची सवय आवळून ठेवायची असते, कारण आवळलेला पट्टा ओरडत नाही आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येत नाही. सैल पट्टा निदान किंचाळून सांगतो, डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा लावतो. आवळलेला पट्टा गप्प राहतो आणि वॉटर पंपाचं आणि डायनॅमोचं बेअरिंग रोज थोडं थोडं खातो. दोन वाईटांतून निवडायचंच झालं तर मी किंचित सैल पट्टा पत्करीन. नवा पट्टा पहिल्या तासाभरात खाचांत बसतो आणि हमखास ढिला पडतो. पंधरा मिनिटं इंजिन चालवा, थंड होऊ द्या, परत तपासा. शे-दीडशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. हे काम गॅरेजवर सोपवू नका, स्वतः करा. त्याच वेळी डायनॅमोच्या मागच्या बेअरिंगजवळचं तेलाचं छिद्र शोधून दोन-तीन थेंब इंजिन ऑइल सोडा. जास्त नको, ते आत ब्रशवर जातं.

कुणी डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर बसवला असेल तर पट्ट्यावरचा भार वाढतो. जुना डायनॅमो सुमारे 22 अँपिअर देतो, अल्टरनेटर त्याच्या दीडपट-दुप्पट, आणि तोही लहान पुलीवरून. इथे दात्यांचा पट्टाच घाला. एसीच्या कॉम्प्रेसरला वेगळा पट्टा असतो. तो जोडीने असेल तर दोन्ही एकदमच बदला.

आवाज आला की साबण, मेण किंवा फवारा मारून तो बंद करायची पद्धत आहे. त्याने कारण तसंच राहतं आणि वर धूळ चिकटते. त्याऐवजी इंजिन आयडलिंगला ठेवून, हात लांब ठेवून, बाटलीने पट्ट्याच्या आतल्या बाजूला पाण्याचा बारीक फवारा द्या. आवाज वाढला तर ताण कमी आहे. क्षणभर थांबून परत आला तर पुली एका रेषेत नाहीत. लाल दिव्याचंही असंच नीट वाचन करा. डायनॅमोच्या गाडीत आयडलिंगला तो मंद पेटणं स्वाभाविक आहे. गाडी वेगात असताना तो लागला आणि पाठोपाठ तापमान चढू लागलं तर पट्टा गेला, लगेच बाजूला घ्या. दिवा लागला पण तापमान जागच्या जागी असेल तर दोष बहुधा डायनॅमोत किंवा रेग्युलेटरमध्ये आहे. मग दिवसाउजेडी घरापर्यंत जाता येतं.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. पातीपुकुरचा अंडरपास तुंबला की डमडमकडे येणारे अडकतात. पंखा पाण्यात बुडाला तर तो पाणी थेट डिस्ट्रिब्युटरवर उडवतो आणि गाडी मधोमध बंद पडते. पाण्यात उतरण्याआधी पट्टा काढून टाकायची जुन्या चालकांची युक्ती आहे, आणि त्यामागचं तर्कशास्त्र बरोबर आहे. पण पट्ट्याबरोबर वॉटर पंपही थांबतो, म्हणून ती फार तर शे-दोनशे मीटरपुरती. आज ज्या मापाने तिथे पाणी भरतं ते पाहता माझा सल्ला गाडी पाण्यात घालूच नका असा आहे. ओला झालेला पट्टा थोडा वेळ घसरेल, इंजिन किंचित जास्त फिरवून वाळवा, तेवढ्यासाठी आवळू नका.

2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेल्या गाडीला व्हीए मालिकेचा विंटेज क्रमांक मिळू शकतो, पण मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही. म्हणजे गाडी जास्त वेळ उभीच राहणार, आणि उभ्या गाडीत पट्टा पुलींभोवती त्याच वळणात आखडतो. महिन्यातून दोनदा तरी इंजिन गरम होईपर्यंत चालवा. ते जमत नसेल तर प्लग काढून स्टार्टिंग हँडलने अर्धा फेरा फिरवून ठेवा. दीर्घकाळ ठेवायची असेल तर ताण सैल करा आणि स्टिअरिंगला तशी चिठ्ठी बांधा. स्टेट्समन दैनिकाच्या विंटेज रॅलीसारख्या मिरवणुकीत जायचं असेल तर पट्टा आदल्या दिवशी नव्हे, पंधरा दिवस आधी बदला. तिथे गाडी रांगतच जाते, पंख्यावर सगळा भार असतो, आणि नव्या पट्ट्याला खाचांत बसायला वेळ हवा.

डिकीत एक जादा पट्टा असतोच बहुतेकांच्या, पण तो कधीच चढवून पाहिलेला नसतो. विकत आणल्यावर एकदा चढवा, ताण द्या, बसतो याची खात्री करा, मग काढून ठेवा. घट्ट गुंडाळून दोरीने आवळू नका, सैल वेटोळं करून काळ्या पिशवीत, पेट्रोलच्या कॅनपासून लांब ठेवा. पिशवीवर बाहेरचा घेर आणि खरेदीचं वर्ष लिहा, आणि त्याच पिशवीत अर्धा इंची रिंग पाना टाका.